मेट्टुपाळयम ते कुन्नूर: दातेरी रुळावर वाफेचं इंजिन चालवतात तरी कसं?

अनघा_वडगाव

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबा आणि भाच्याला घेऊन उटीला चाललेय. कुर्ला-कोइमतूरने जाणार आणि दुसऱ्या दिवशी मेट्टुपाळयमहून सकाळी ७.१० ला सुटणाऱ्या निलगिरीच्या डोंगरगाडीने वर. तिकिटं हातात आली आहेत, आता घरात प्रश्नांचा पाऊस सुरू आहे.

भाचा अकरा वर्षांचा आहे. त्याला व्हिडिओत दिसलं की इंजिन गाडीच्या मागे असतं आणि ढकलत नेतं. ते का? आणि रुळांच्या मधोमध जी दातेरी पट्टी आहे, तिच्यात इंजिनाचा दाता बरोबर बसतो कसा, अधूनमधून चुकत नाही का? बाबा एसटीत ड्रायव्हर होते, वरंधा आणि ताम्हिणी घाटात गाड्या चालवल्यात. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: ‘चढणं सोपं गं, उतरताना काय करतात ते विचार.’

माझा स्वतःचा प्रश्न असा की कुन्नूरच्या पुढे डिझेल इंजिन लागतं म्हणे. मग खालच्या टप्प्यात अजून वाफेचं का? पर्यटकांना आवडतं म्हणून, की खरंच काही कारण आहे? आणि ते इंजिन खरोखर जुनं आहे की जुन्यासारखं दिसणारं?

ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. वरवरची माहिती खूप वाचून झाली.

कर्जतकर_६७

अनघा, मागून ढकलण्याचं आम्हाला नवल नाही. कर्जतला आयुष्य गेलं. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तेवढ्यासाठीही लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. आमच्याजवळचं माथेरान तर २० ला १, पण तिथे दाते नाहीत. १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी लाइन नुसती वळणं घेत घेत वर जाते. दात्यांची लाइन भारतात निलगिरीचीच. तिथला चढ किती आहे आणि दाते लावल्याशिवाय का भागत नाही, हे मलाही नीट वाचायला आवडेल. बॉयलरकाका इथे असतात, ते तिकडेच राहिलेत. हाक मारून ठेवतो.

बॉयलरकाका_अरुवंकाडू

हाक पोचली.

मी भंडाऱ्याच्या दारूगोळा कारखान्यातून अरुवंकाडूच्या कॉर्डाइट कारखान्यात बदलून गेलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. काम बॉयलर हाऊसचं. अरुवंकाडू हे याच लाइनवरचं स्टेशन, कुन्नूरच्या पुढचं. कुन्नूरच्या लोको शेडमधल्या माणसांशी ओळख झाली ती वाफेमुळे. बॉयलरवाला बॉयलरवाल्याला लगेच ओळखतो. परवानगी घेऊन शेडमध्ये तासन्‌तास उभा राहिलोय, आणि खाली-वर प्रवास तर इतका केला की कुठल्या वळणावर इंजिनाचा आवाज कसा बदलतो ते कानात बसलंय. त्या माणसांचं काम लोकांना कळावं असं मला फार वाटतं, म्हणून लांबण लागली तरी लिहितो.

आधी कर्जतकरांचा प्रश्न. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर, कुन्नूर १७०० च्या वर. मेट्टुपाळयम ते कल्लार हा पहिला तुकडा जवळजवळ सपाट आहे, तिथे दाते नाहीत. खरा डोंगर कल्लारला सुरू होतो. तिथून कुन्नूरपर्यंतच्या वीसेक किलोमीटरमध्ये गाडी सुमारे १३०० मीटर चढते, आणि सगळ्यात कठीण जागी चढ १२.२८ ला १ आहे. बोरघाटाच्या तिप्पट.

आता हिशेब करा. इंजिन आणि डबे मिळून दीडशे टन धरले, तर त्या चढावर गाडी नुसती जागेवर धरून ठेवायलाच बारा टनांहून जास्त जोर लागतो. पुढे न्यायला, वळणांचं घर्षण मोडायला त्याहून जास्त. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक कोरड्या दिवशी आपल्यावरच्या वजनाच्या फार तर चौथ्या हिश्शाएवढी पकड देतं. निलगिरीत कोरडा दिवस दुर्मिळ. धुकं, दव, रुळावर चुरडलेली ओली पानं. अशा वेळी पकड निम्म्यावर येते. पन्नासेक टनांच्या इंजिनाकडून ते काम भरवशाने होणार नाही. दाते आहेत ते यासाठी.

ही पद्धत रोमान आब्त या स्विस अभियंत्याची. रुळांच्या मधोमध एक नाही, दोन दातेरी पट्ट्या असतात. एकमेकींपासून ४४ मिलिमीटरवर, आणि रुळाच्या माथ्यापेक्षा ६४ मिलिमीटर उंच. गंमत त्यांच्या मांडणीत आहे. एका पट्टीचा दाता जिथे असतो तिथे दुसरीत खाच असते. त्यामुळे इंजिनाखालच्या दंतचक्राचा एक दाता सुटत असताना दुसरा पूर्ण धरलेला असतो. पकड कधी मोकळी होत नाही आणि गाडीला दर दात्याला गचका बसत नाही. भाच्याला सांगा, कल्लारला किंवा हिलग्रोव्हला गाडी थांबली की डब्यातूनच खाली वाकून बघ, ही अर्ध्या अर्ध्या अंतराने सरकलेली मांडणी स्पष्ट दिसते.

दाता चुकत नाही का, हा त्याचा प्रश्न फार चांगला आहे. धोक्याची जागा एकच: दात्यांची पट्टी जिथे सुरू होते ती. सपाटीवर दंतचक्र नुसतं लटकत असतं. ते जर चुकीच्या वेळी पट्टीच्या पहिल्या दात्याच्या माथ्यावर चढलं तर इंजिन उचललं जाईल. म्हणून तिथे पट्टीचा सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो आणि त्याचे दाते झिजवल्यासारखे ठेंगणे असतात. गाठ जुळली नाही तर तो तुकडा खाली दबतो आणि दाते आपोआप जुळतात. पण सगळं स्प्रिंगवर सोडून चालत नाही. ड्रायव्हर कल्लारच्या पुढे गाडी माणसाच्या चालीवर आणतो आणि दंतचक्राच्या सिलिंडरना थोडी वाफ देऊन ते चक्र आधीच हळू फिरतं करतो, म्हणजे ते चालीशी चाल जुळवून पट्टीत शिरतं. चांगल्या ड्रायव्हरच्या हाताखाली डब्यातल्या माणसाला ते कळतही नाही. मी प्रत्येक वेळी कान लावून बसायचो. हलका खडखडाट होतो आणि मग इंजिनाचा आवाजच बदलतो.

तो का बदलतो, ते या इंजिनाचं खरं वैशिष्ट्य. ही एक्स वर्गाची इंजिनं, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनलेली. प्रत्येकाला चार सिलिंडर, दोन बाजूंना दोन-दोन, एकावर एक. खालचे सिलिंडर नेहमीच्या चाकांना फिरवतात, वरचे दंतचक्रांना. सपाटीवर फक्त खालचे चालतात आणि त्यांची वाफ सरळ धुराड्यातून बाहेर जाते. दात्यांवर आलं की ड्रायव्हर झडप फिरवतो, आणि खालच्या सिलिंडरमध्ये एकदा काम करून आलेली वाफ बाहेर न सोडता वरच्या सिलिंडरकडे पाठवतो. तीच वाफ दुसऱ्यांदा राबते. चढ अवघड झाला म्हणून जास्त वाफ खर्चायची नाही, आहे त्या वाफेतून जास्त काम काढायचं. आम्ही कारखान्यात वाफ एका कामातून दुसऱ्या कामाला पाठवत असू, पण धावत्या यंत्रावर, तेही शंभर वर्षांपूर्वी, कुणी हे इतकं सुबक बसवलं असेल याचं मला शेवटपर्यंत अप्रूप वाटत राहिलं.

प्लॅटफॉर्मवरून पाहिलंत तर खालचे दांडे एका दिशेने आणि वरचे उलट दिशेने फिरताना दिसतील, वरचे जास्त वेगाने. मधे गिअर असल्यामुळे तसं होतं. बाबा ते बघून खूश होतील.

आता इंजिन मागे का. कपलिंग तुटलं तर डबे खाली सुटून येऊ नयेत, इंजिनालाच टेकावेत, हे मुख्य कारण. चढताना इंजिन मागे, उतरताना इंजिन पुढे. म्हणजे कायम उताराच्या अंगाला.

पण याचा परिणाम असा की चढताना ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसतच नाही. त्याच्यापुढे डब्यांची रांग असते आणि वळणं तर एकामागून एक. पूर्ण लाइनवर २०८ वळणं, १६ बोगदे आणि अडीचशे पूल आहेत. मग गाडी चालवतो कोण? सगळ्यात पुढच्या डब्याच्या टोकाला उघड्या पायरीवर एक ब्रेक्समन उभा असतो, हिरवा आणि लाल बावटा घेऊन. दरड, पडलेलं झाड, कल्लारच्या बाजूला हत्ती, जे काही असेल ते आधी त्याला दिसतं. त्याच्या मागच्या प्रत्येक डब्यावर एकेक ब्रेक्समन. बावटा मागे मागे जातो, आणि इंजिनाकडून उत्तर शिट्टीने येतं. शिट्ट्यांची ठरलेली भाषा आहे: किती, लांब की आखूड, त्यावरून कुणी ब्रेक आवळायचा, कुणी सोडायचा ते कळतं. प्रत्येक डब्याला चाकांचा ब्रेक वेगळा आणि दात्यांवर धरणारा ब्रेक वेगळा. दोन्ही हाताने फिरवायचे.

पर्यटक इंजिनाचे फोटो काढतात, ते ठीक आहे. पण पावसात तोंडावर पाणी झेलत तीन तास उभा राहणारा तो पुढचा माणूस ही गाडी चालवत असतो, आणि त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. मला याचं वाईट वाटतं. त्याच्याकडे नीट लक्ष देऊन बघा.

फायरमनच्या कामाबद्दलही लिहायलाच हवं, कारण माझा जीव तिथे आहे. चढावर बॉयलर तिरका होतो, पाणी मात्र सपाटच राहतं. तिरक्या धरलेल्या पातेल्यातल्या आमटीसारखं. ते उताराच्या टोकाला गोळा होतं आणि दुसरं टोक उघडं पडू पाहतं. गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, दिसते ती फक्त एका टोकाची पातळी. गाडी तीव्र चढावरून स्टेशनच्या कमी चढाच्या जागेत आली की पाण्याचा एक थेंबही कमी-जास्त न होता काचेतला आकडा हलतो. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, डोक्यावरचा पत्रा एकदा पाण्यातून उघडा पडला तर त्यातला लेड प्लग, म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेलं शिशाचं बूच, वितळतो, वाफ आगीवर येते आणि गाडी तिथेच थांबते. आणि नशीब वाईट असेल तर त्याहून भयंकर होतं. म्हणून फायरमनला डोंगर पाठ असावा लागतो. पुढे कुठे चढ वाढणार, कुठे कमी होणार, त्याआधी किती पाणी घालून ठेवायचं. पाणी घातलं की दाब उतरतो, म्हणजे त्याहीआधी आग वाढवलेली हवी. आमच्या कारखान्यातला बॉयलर जागेवरून हलत नव्हता, तरी पातळीची काळजी माझ्या डोक्यातून कधी जायची नाही. हे लोक डोंगरावर धावत ते करतात.

त्यासाठीच गाडी अ‍ॅडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड अशी थांबत थांबत पाणी पीत वर जाते. लोक म्हणतात फार वेळ लावते. दात्यांवर वेगाची मर्यादाच ताशी १३ किलोमीटर आहे, आणि ती योग्य आहे.

अनघा_वडगाव

काका, मनापासून धन्यवाद. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तिरक्या बॉयलरशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवून तेवढं परत वाचायला लावलं.

त्यांचा प्रश्न मात्र राहिला. ते म्हणतात, ‘ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर उतरणाऱ्याचे लायनर जळतात. वाफेच्या इंजिनाला गिअर कुठला? मग नुसत्या ब्रेकवर उतरतात का?’

आणि डिझेल आणि जुनं-नवं यावरही लिहा ना.

बॉयलरकाका_अरुवंकाडू

तुमच्या बाबांनी नेमकं विचारलं. नुसत्या ब्रेकवर उतरत नाहीत. त्यांनी घाटात जे केलं तेच इथे करतात, इंजिनालाच रोखायला लावतात.

उतरताना ड्रायव्हर वाफ बंद करतो आणि गाडी पुढे जात असताना झडपांची दिशा उलटी ठेवतो. मग सिलिंडर वाफेने ढकलले न जाता उलट हवा ओढून दाबायला लागतात. इंजिनाचा पंप होतो. ती दाबलेली हवा बाहेर जायच्या वाटेवर एक झडप असते. ती जितकी आवळाल तितकी हवा कोंडते आणि गाडी तितकी रोखली जाते. ड्रायव्हर त्या एका झडपेवर गाडीचा वेग हातात ठेवतो. हवा दाबली की तापते हे सायकलच्या पंपाने चाक भरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. इथे इतकी तापते की सिलिंडरमधलं तेल जळून जाईल. म्हणून आत पाण्याचा बारीक फवारा सोडतात, त्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. उतरत्या गाडीच्या इंजिनातून वाफ निघताना दिसते ती बरेचदा ही असते. तेव्हा इंजिन गाडीला ओढत नसून धरून ठेवत असतं.

म्हणजे ब्रेक्समनचे हातब्रेक आणि इंजिनाचे बाकीचे ब्रेक हे सगळे राखीव राहतात आणि थंड राहतात. लागतील तेव्हा पूर्ण ताकदीचे मिळतात. बाबांना हे पटेल.

दात्यांना वंगण लागतं, नाहीतर ते खातात. पण तेच वंगण बाजूच्या रुळावर सांडलं तर चाकं घसरतात. त्यामुळे कुठे तेल द्यायचं आणि कुठे थेंब पडू द्यायचा नाही, हे शेडमधल्या नव्या पोराला पहिल्यांदा शिकवतात.

डिझेलचं: कुन्नूर ते उटी चढ जास्तीत जास्त २३ ला १ आहे, तिथे दाते नाहीत, म्हणून वायडीएम-४ डिझेल इंजिन चालतं. त्या डिझेलला दंतचक्र नाही. कल्लार-कुन्नूर चढायला दंतचक्र असलेलं इंजिन लागतं आणि ते एक्स वर्गाकडेच आहे. तेव्हा वाफ तिथे शोभेसाठी ठेवलेली नाही. ती काढली तर गाडी कल्लारच्या पुढे जाणार नाही. २००५ मध्ये या लाइनला जागतिक वारशाचा मान मिळाला, दार्जिलिंगच्या जोडीला. पण त्याच्या आधीही ही गाडी रोज माणसं घेऊन वर जातच होती.

जुनं-नवं. विंटरथूरहून १९१४ ते १९२५ च्या दरम्यान बारा इंजिनं आली आणि १९५२ मध्ये आणखी पाच. त्यातली काही अजून कामाला आहेत. पुढे भाग झिजत गेले आणि विंटरथूरकडून मिळण्याची सोय राहिली नाही, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने सगळं इंजिनच नव्याने बांधायला घेतलं. २०११ पासून तेलावर चालणारी चार नवी इंजिनं तिथून निघाली, २०२१ मध्ये कोळशावरचंही एक. आराखडा तोच, कारागीर आपले. तुमच्या गाडीला कुठलं लागेल ते त्या दिवशीच कळेल.

नवं लागलं म्हणून हिरमुसू नका. मी दोन्ही पाहिलीत. नवं इंजिन बांधता आलं म्हणजे सिलिंडर ओतणारा, दंतचक्र कापणारा, बॉयलरच्या नळ्या बसवणारा हात आपल्याकडे अजून शिल्लक आहे. जुनं इंजिन काचेमागे ठेवलं असतं तर हे काम येणारे लोक निवृत्त होऊन संपले असते. ते चालत राहिलं म्हणून दर काही वर्षांनी एखाद्या पोराला शिकावं लागलं. माझ्या मते या लाइनची सगळ्यात मोठी मिळकत तीच आहे.

तेलाबद्दल लोक नाक मुरडतात, कोळसाच खरा म्हणतात. कोळशाच्या ठिणग्यांनी उन्हाळ्यात जंगल पेटायची भीती असते, आणि चांगला कोळसा मिळाला नाही तर अर्ध्या डोंगरात दाब पडतो. तेलावर फायरमनचं काम सोपं होतं असंही नाही. फावडं गेलं, पण डोळे आणि कान दुप्पट लागतात. धुराड्यातून फिकट करडा धूर निघाला तर आग बरोबर. काळा निघाला तर तेल जास्त किंवा हवा कमी, आणि नळ्यांवर काजळी बसते.

झुरिचची_मेधा

काका, तुमचं वाचून राहवलं नाही. मी झुरिचला असते, विंटरथूर इथून लोकलने अर्ध्या तासाच्या आत. तिथे १८७१ साली सुरू झालेल्या ज्या कारखान्यातून ही इंजिनं गेली, त्याच कारखान्याने फुर्का खिंडीच्या लाइनसाठीही दात्यांची वाफेची इंजिनं बनवली होती. ती लाइन विजेवर गेल्यावर त्यातली काही १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली, दा लातच्या डोंगरलाइनसाठी. युद्धात ती लाइन बंद पडली आणि इंजिनं झाडाझुडपांत गंजत राहिली.

१९९० मध्ये इथल्या उत्साही लोकांनी ती जहाजाने परत आणली आणि सुट्ट्यांमध्ये येऊन, बिनपगारी काम करून पुन्हा वाफेवर आणली. आता उन्हाळ्यात फुर्काच्या जुन्या लाइनवर ती चालतात. मी त्या गाडीत बसलेय. चढावर तसाच आवाज बदलतो, काका म्हणतात तसा.

ब्रिएन्झ रोटहॉर्नची लाइन १८९२ ची, तीही आब्तच्या पद्धतीची आणि अजून मुख्यतः वाफेवर. तिथला चढ २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४ ला १. सगळी लाइन चढाचीच, त्यामुळे तिथल्या इंजिनाचा बॉयलर मुद्दाम तिरका बसवलेला असतो, चढावर तो सरळ होतो. निलगिरीत सपाटी आणि चढ दोन्ही असल्यामुळे तसं करता आलं नसणार, आणि म्हणूनच फायरमनला डोंगर पाठ करावा लागतो, हे तुमच्या लिहिण्यावरून आज लक्षात आलं.

बॉयलरकाका_अरुवंकाडू

मेधाताई, फार छान माहिती. तुम्ही म्हणता ते बरोबर, सपाटीवरही चालायचं असल्यामुळे बॉयलर एका उताराला बांधून टाकता येत नाही.

स्विस धागा निलगिरीत आणखी जुना आहे. दातेरी रुळाचा दुसरा मोठा माणूस निकोलाउस रिगेनबाख, रिगीच्या डोंगरावरच्या लाइनचा, तो १८८२ मध्ये कुन्नूरला येऊन गेला होता. त्यानंतरही काम लवकर मार्गी लागलं नाही. १८९१ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते पहिली कुदळ पडली, तीन वर्षांत कंपनी बुडाली, मग दुसरी उभी राहिली. कुन्नूरपर्यंत गाडी आली ती जून १८९९ मध्ये, उटीपर्यंत १९०८ मध्ये. तोवर बैलगाड्या आणि घोडे.

कर्जतकर_६७

काका, एक राहिलं. जागा कुठली घ्यावी आणि जानेवारी बरा का?

बॉयलरकाका_अरुवंकाडू

जानेवारी चांगला. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिकडे परतीचा मान्सून कोसळतो आणि कल्लार-कुन्नूरमध्ये दरडी पडून गाडी दिवसेंदिवस बंद राहते. जानेवारीत सकाळी थंडी कडक असते, आई-बाबांना स्वेटर आणि कानटोपी डब्यातच हाताशी ठेवा, बॅगेत तळाला नको.

जागा आरक्षित आहेत, तेव्हा मिळतील त्यावर बसा. पण डबा जितका पुढचा तितका ब्रेक्समन नीट दिसतो, आणि जितका मागचा तितका इंजिनाचा आवाज नीट ऐकू येतो. भाच्याला पुढे आवडेल, बाबांना मागे.

गाडी सुटायच्या अर्धा तास आधी मेट्टुपाळयमला पोचा. तेव्हा फायरमन इंजिनाभोवती फिरून तेल देत असतो, सगळे सांधे हात लावून बघत असतो. त्याच्या कामात न अडकता बाजूला उभं राहा. हिलग्रोव्हला चहा मिळतो आणि माकडंही असतात, खाऊ हातात मोकळा धरू नका. कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटून शेडकडे जातं आणि डिझेल लागतं. त्या वेळात खाली उतरून बघण्यासारखं आहे. बाबांना ब्रेकबद्दल ड्रायव्हरशी बोलायचं असेल तर तेव्हा बोलू द्या. एसटीत घाटात गाडी चालवलीय म्हणून सांगा. तमिळ येत नसलं तरी हातवाऱ्यांवर भागेल. त्या लोकांना असं विचारणारा माणूस क्वचित भेटतो.